बरोबर उत्तर देणारी बाई

१

"तुमचं उत्तर जुळत नाही, मॅडम," फोनवरची मुलगी म्हणाली.

मेट्रनबाईंना वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चूक झाली. प्रश्न तर अगदी पोरकट होता. लहानपणी तुम्हाला घरात काय म्हणत? त्यांना ठकी म्हणत. जन्मल्या तेव्हा बाहुलीएवढ्या होत्या म्हणून आजीनं ठकी म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. लग्न झालं, मुलगा झाला, प्रसूतिगृहाची सगळी जबाबदारी अंगावर येऊन जग त्यांना मेट्रन म्हणू लागलं, तरी जुन्या माणसांच्या तोंडी त्या ठकीच राहिल्या.

"अगं पोरी, नीट टाइप कर. ठ. आणि क, कमळातला क, त्याला दुसरी वेलांटी. ठकी."

"तेच टाकलंय मॅडम. जुळत नाही. आणखी एकदा चुकलं तर मला फोन बंद करावा लागेल."

औषधाच्या दुकानाच्या पायरीवर उभ्या असलेल्या मेट्रनबाईंनी कठड्याला हात लावला. आत दुकानदारानं त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. कार्ड तीनतीनदा मशीनला लावूनही चालेना, म्हणून त्यानंच कार्डामागचा नंबर फिरवून दिला होता. कार्ड काही बिघडलेलं नव्हतं. ते कधी वापरलंच जायचं नाही. अडीअडचणीला असावं म्हणून कपाटात चादरींच्या घडीखाली पडून असायचं.

"मॅडम, आहात का? दुसरं काही नाव होतं का?"

दुसरं नाव? मेट्रनबाईंना आपली आई आठवली. शेवटच्या दिवसांत ती आरशासमोर उभी राहून, ही कोण बाई घरात शिरलीय, हिला बाहेर काढा, असं ओरडायची. तिचंही सुरू असंच झालं होतं. आधी नावं गेली.

"माझे अधिकारी तुम्हाला घरी येऊन भेटतील," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या खात्यावर जे चाललंय, ते मला फोनवर सांगता येणार नाही."

२

कार्ड कंपनीचा अधिकारी आला तो अगदी घरच्यासारखा. दाराशी बूट काढून एका रेषेत लावले, पाणी मागून घेतलं आणि मेट्रनबाईंच्या शेजारीच बसला. बोलणं लोण्यासारखं मऊ.

"आई, घाबरायचं नाही हं. मी आहे ना."

समोर मुलगा उभा होता. गॅरेजमधून तसाच आलेला, हातावर ग्रीसचे डाग. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात होती. मेट्रनबाईंची जुनी सहकारी, जिला सगळे नुसतंच सिस्टर म्हणत, खिडकीजवळच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसली होती. ती एक दिवसाआड यायचीच.

अधिकाऱ्यानं सांगितलं ते असं. मेट्रनबाईंनी स्वतः फोन करून जुनं कार्ड बंद करायला लावलं होतं. नवं मागवलं होतं. वर आपला मोबाईल नंबर बदललाय असं सांगून दुसरा दिला होता. नवं कार्ड घरपोच आलं, मुलानं सही करून घेतलं. त्यानंतर त्या कार्डावर दागिने घेतले गेले, टीव्ही घेतला गेला, आणि गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात तर दोनदा मोठी खरेदी झाली.

शेवटचं वाक्य संपलं तशा सगळ्यांच्या नजरा मुलाकडे गेल्या.

"मी कसलंही कार्ड घेतलेलं नाही," मुलगा म्हणाला. चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

"तसं नसेलही," अधिकारी समजुतीनं म्हणाला. "पण पिन टाकून खरेदी झालीय. आणि हा फोन ऐका."

त्यानं लॅपटॉप उघडला. खोलीत एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. आधी घसा खाकरणं, मग, "काय गं पोरी, जेवलीस का? माझं एक काम कर बघू." ही मेट्रनबाईंचीच बोलण्याची तऱ्हा होती. फोनवर कुणीही असो, आधी जेवलीस का. आवाज थोडा जाड होता, पण फोनवर आवाज जाड येतोच. सिस्टरच्या सुया थांबल्या.

मग मुलीनं तोच प्रश्न विचारला, लहानपणी काय म्हणत? आणि उत्तराच्या जागी नुसतंच 'पीं' वाजलं.

"उत्तर आम्ही कुणालाही ऐकवत नाही," अधिकारी म्हणाला. "अहो, फोनवरच्या मुलींनासुद्धा ते दिसत नाही. त्या टाइप करतात, मशीन फक्त हो किंवा नाही म्हणतं. आमच्याकडे ते वाचायचा अधिकार एकट्या माझा. इतकी काळजी घेतो आम्ही तुमची. आणि हे उत्तर अक्षर न अक्षर जुळलं, आई. पहिल्या फटक्यात."

पहिल्या फटक्यात. मेट्रनबाईंनी खाली मान घातली. पायरीवरच्या त्या फोनचं त्यांनी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. कोणत्या तोंडानं सांगणार? त्या आवाजाला त्यांचं नाव ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं.

जाताना अधिकाऱ्यानं त्यांना दारापाशी गाठलं आणि एक कागद हातात सरकवला.

"यात एवढंच आहे की हे व्यवहार माझेच, विस्मरणामुळे ध्यानात राहिले नाहीत. सही केलीत की कंपनी थोडी सूट देईल, प्रकरण मिटेल. नाहीतर मला पोलिसांकडे जावं लागेल. आणि पोलीस, आई," त्यानं मागे गॅरेजवाल्या मुलाकडे पाहिलं, "आधी घरातल्या माणसालाच उचलतात."

३

त्या दिवसापासून मेट्रनबाई स्वतःवरच पाळत ठेवू लागल्या.

गॅस बंद केला की परत जाऊन बघायचा. बघितला का, हे आठवायचं. आठवतंय ते आजचं की कालचं, असा घोळ व्हायचा आणि त्या परत गॅसकडे जायच्या. आंघोळ करताना त्या जुन्या वॉर्डातल्या नर्सेसची नावं क्रमानं म्हणत. सगळी यायची, एक अडायचं. त्या एका नावासाठी त्या ओल्या अंगानं उभ्या राहायच्या. चोर घरात शिरला असता तर त्याला हाकलता तरी आलं असतं. इथे आपणच आपल्या घरात चोर असू, ही भीती होती. आणि आपण नसू तर मग कोण, याची भीती त्याहून मोठी.

मुलगा हल्ली नजर चुकवत होता. डबा द्यायच्या निमित्तानं त्या गॅरेजात गेल्या तर तिथे गाडी उचलायचं नवंकोरं यंत्र. विचारलं तर "अगं, आहे असंच" म्हणून तो गाडीखाली सरकला. सूनबाई फोन वाजला की बाहेर जायची. आणि सिस्टर! प्रसूतिगृहाच्या प्रत्येक निरोप समारंभात मेट्रनची नक्कल करून हशा पिकवणारी सिस्टर. घसा खाकरून "काय गं पोरी, जेवलीस का" म्हटलं की डॉक्टरसुद्धा दचकून उभे राहत. त्या आठवणीनं मेट्रनबाईंना पूर्वी हसू यायचं. आता येईना.

एका दुपारी त्या अंथरुणावर पडल्या होत्या. मुलगा बाहेरच्या खोलीत फोनवर दबक्या आवाजात बोलत होता.

"नाही, तिला कळता कामा नये. कळलं तर ती येणारच नाही. फसवूनच आणावं लागेल."

मेट्रनबाई भिंतीकडे तोंड करून निश्चल पडून राहिल्या. कुठे आणणार? वृद्धाश्रमात? पोटच्या पोरानं? याच हातांनी पहिली अंघोळ घातली होती त्याला.

मुलगा बाहेर गेला तशा त्या उठल्या. विचार करून करून डोकं दुखायला लागलं होतं, आणि एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती. पोरानं घेतले असतील पैसे तरी त्याला पोलिसांनी नेलेलं आपल्याला बघवणार नाही. त्यांनी तो कागद टेबलावर पसरला. पेनाचं टोपण काढलं.

दाराची बेल वाजली.

बाहेर एक तिशीतली बाई धापा टाकत उभी होती. दिवस अगदी भरत आलेले, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात बॅग.

"जिना फार आहे हो तुमच्याकडे. मी तक्रार मंडळाची तपासनीस. कार्ड कंपनीविरुद्धच्या तुमच्या तक्रारीसाठी आलेय."

"मी कुठलीही तक्रार केलेली नाही," मेट्रनबाई म्हणाल्या.

"तुम्ही नाही," तपासनीस बाई दाराला टेकत म्हणाली. "तुमच्या सूनबाईंनी केलीय. आणि तुम्हाला सांगू नका म्हणून बजावलंय."

४

मेट्रनबाईंनी आधी तिला बसवलं. घोटे सुजलेले दिसले, तसं पायांखाली स्टूल सरकवलं. भीती असो नसो, हात आपलं काम विसरले नव्हते.

"सुट्टी कधी घेणार आहेस?"

"ही शेवटची फाईल. ही मिटली की लगेच."

"मग लवकर मिटव," मेट्रनबाई म्हणाल्या.

तपासनीस बाईनं एकेकाला वेगळं बोलावलं, पण मेट्रनबाईंना मात्र शेजारीच बसवून घेतलं.

सूनबाई आधी आली. पदरचे पैसे घालून तक्रार का केलीस, असं विचारल्यावर तिनं सासूकडे एक चोरटी नजर टाकली.

"आई विसरणाऱ्यातल्या नाहीत हो. लग्नानंतर पहिल्या महिन्यात माझ्या हातून दूध उतू गेलं होतं. ते अजून निघतं. असं माणूस टीव्ही घेतलेला विसरेल? पण घरात बोलले असते तर ह्यांना वाटलं असतं मी आईंची बाजू घेऊन ह्यांच्यावर आळ घेतेय, आणि आईंना वाटलं असतं मी माझंच पाप झाकतेय. म्हणून बाहेर जाऊन फोन करायचे."

"यांना लहानपणी काय म्हणत, ठाऊक आहे?"

"ठकी. माहीत नाही असं कोण आहे?"

सिस्टर आली ती भांडणाच्या तयारीतच. "नक्कल मी करते, चोरी करत नाही. हे बघा." तिनं घसा खाकरला आणि मेट्रनचा आवाज काढला. इतका हुबेहूब, की तपासनीस बाईचा हात पोटावर गेला. मग सिस्टर स्वतःच्या आवाजात म्हणाली, "त्या रेकॉर्डिंगातली बाई माझ्याहून कच्ची आहे. 'जेवलीस का' झाल्यावर ठकी उत्तराची वाट बघते. जेवली नसेल तर रागावते. तिनं वाट बघितलीच नाही."

"म्हणजे ठकी हे नाव तुम्हालाही ठाऊक."

"ठके म्हणूनच हाक मारते मी. दुसरं काय म्हणणार?"

मुलगा सगळ्यात अवघडलेला. गॅरेजातलं यंत्र भाड्यानं घेतलंय, नव्या धंद्याचं आईला जमल्यावरच सांगणार होतो, हे त्यानं सांगितलं. सुट्या भागांच्या त्या दुकानात आपण कधी पाऊल टाकलं नाही, हेही. पण फोनवर कुणाला फसवून आणायचं चाललं होतं, या मेट्रनबाईंच्या प्रश्नावर तो मान खाली घालून बसला.

"ते मी सांगणार नाही आई. ह्या गोष्टीशी त्याचा संबंध नाही."

"आईला लहानपणी काय म्हणत?" तपासनीस बाईनं मध्येच विचारलं.

"ठकी. का?"

तो गेल्यावर तपासनीस बाईनं बिस्किटाचा पुडा पुढे ओढला.

"मेट्रनबाई, आता तुमची पाळी. कार्ड चाललं नाही, तुम्ही कंपनीला फोन केलात. तो प्रश्न तुम्हालाही विचारला असणार. तुम्ही काय सांगितलंत?"

झालं. इतके दिवस गिळून ठेवलेलं ते वर आलं.

"ठकीच सांगितलं. अक्षर फोडून सांगितलं. ती म्हणाली जुळत नाही. माझं नाव मला आलं नाही गं. माझ्या आईचंही असंच झालं होतं..."

तपासनीस बाईचं बिस्कीट तोंडापाशीच थांबलं.

"जुळत नाही? 'ठकी' जुळत नाही?"

"नाही."

"हे त्या अधिकाऱ्याला माहीत आहे?"

"त्यानं विचारलं नाही. मी कुणालाच सांगितलेलं नाही."

"मग आता तर मुळीच सांगू नका," तपासनीस बाई म्हणाली. तिनं टेबलावरचा तो कागद उचलला, पेनाचं टोपण लावलं आणि दोन्ही आपल्या बॅगेत टाकली. "आणि आज दाराला कडी लावून बसा. तो सही घ्यायला परत येईल."

तो आलाच. संध्याकाळ व्हायच्या आत जिन्यावर बूट वाजले. मेट्रनबाई आणि सूनबाई आतल्या बाजूला श्वास रोखून उभ्या होत्या. बेल वाजली, थांबली, परत वाजली. मग दाराच्या फटीतून तोच मऊ आवाज आला.

"आई, दार उघडा. का दार उघडायचंही विसरलात?"

५

मंडळाच्या खोलीत लांबट टेबल होतं आणि एसीतून पाणी टपकत होतं म्हणून खाली बादली ठेवलेली. एका बाजूला कंपनीची वकीलबाई आणि तो अधिकारी. दुसऱ्या बाजूला मेट्रनबाई, मुलगा, सून आणि सिस्टर. मधे तपासनीस बाई, पाठीला उशी लावून.

"आमचं म्हणणं सरळ आहे," वकीलबाई म्हणाली. "गुप्त उत्तर बरोबर आलं. ते उत्तर सांभाळणं ही ग्राहकाची जबाबदारी. एक तर यांनीच फोन केला, नाहीतर घरातल्या ज्याला उत्तर ठाऊक आहे त्यानं केला. दोन्हीतही कंपनीचा दोष नाही."

"मग ते बरोबर उत्तर आपण ऐकू या," तपासनीस बाई म्हणाली. "मधलं ते 'पीं' काढून. मंडळाचा तसा आदेश आहे."

अधिकाऱ्यानं वकीलबाईच्या कानात काहीतरी सांगितलं. तिनं मान हलवली आणि बटण दाबलं.

घसा खाकरणं. काय गं पोरी, जेवलीस का. मग प्रश्न. आणि मग त्या म्हाताऱ्या आवाजानं सावकाश, वाचून दाखवावं तसं उत्तर दिलं.

"ठगी. ठ. मग ग, गवतातला ग, त्याला दुसरी वेलांटी."

"जुळलं, मॅडम," मुलीचा आवाज म्हणाला.

मेट्रनबाई उभ्याच राहिल्या. "ठगी? मला कुणी ठगी कशाला म्हणेल? शिवी आहे ती!"

"बसा, मेट्रनबाई. आता दुसरं रेकॉर्डिंग." औषधाच्या दुकानाबाहेरून केलेल्या फोनचं बोलणं ऐकू आलं. कमळातला क. ठकी. आणि मुलीचं उत्तर, जुळत नाही. मुलानं वळून आईकडे पाहिलं. हे त्याला माहीत नव्हतं.

"एक मिनिट," वकीलबाई म्हणाली. "खातं उघडताना यांनीच मुद्दाम 'ठगी' सांगितलं असेल. आणि आता विसरल्या असतील. वय आहे."

अधिकारी पहिल्यांदाच मेट्रनबाईंकडे वळला. डोळ्यांत केवढी माया!

"आई, खरं सांगा. तेव्हा तुम्ही काय सांगितलं होतंत, हे तुम्हाला आज अगदी नक्की आठवतंय?"

नक्की? नक्की काय आठवत होतं? आंघोळीत अडलेलं ते एक नाव आठवलं. आरशापुढची आई आठवली. सगळी खोली मेट्रनबाईंच्या तोंडाकडे बघत होती. एक 'नाही' म्हटलं असतं तर सुटका झाली असती.

"त्या फोनचं काहीच आठवत नाही मला," त्या म्हणाल्या. अधिकाऱ्याच्या ओठांवर हसू उमटायला लागलं. "पण माझं नाव ठकी आहे. हे मला आठवावं लागत नाही."

"आणि आम्हालाही आठवणीवर विसंबायची गरज नाही," तपासनीस बाई म्हणाली. "खातं उघडतानाचा फोनही कंपनीनं जपून ठेवलाय. ऐका."

जुनं, खरखरतं रेकॉर्डिंग. खरा घसा, खरं खाकरणं, आणि 'जेवलीस का' नंतर पलीकडची मुलगी उत्तर देईपर्यंतची शांतता. सिस्टरनं टेबलावर बोट आपटलं. मग मेट्रनबाईंचा आवाज: "लिही, ठकी." आणि मुलगी टाइप करताकरता पुटपुटली, "ठ...गी. झालं मॅडम."

"ऐकण्यात चूक," तपासनीस बाई म्हणाली. "साधी चूक. ना ग्राहकाला कळली, ना कंपनीला. आता बघा. घरातला चोर असता तर त्यानं काय उत्तर दिलं असतं? मी तिघांनाही विचारलं. मुलगा म्हणाला ठकी, सून म्हणाली ठकी, सिस्टर म्हणाल्या ठकी. खुद्द या बाईंनी सांगितलं ठकी. यांतल्या कुणीही फोन केला असता तर तो तिथेच फसला असता. या बाईंना जवळून ओळखणारा कुणीही हे उत्तर देऊच शकत नव्हता. 'ठगी' हे नाव जगात एकाच जागी होतं, तुमच्या कंपनीच्या नोंदीत. ज्यानं ते सांगितलं, त्यानं ते तिथून वाचलं. तेव्हा प्रश्न एकच उरतो. ते वाचू कोण शकतं?"

वकीलबाई नकळत शेजारच्या माणसापासून बोटभर दूर सरकली.

"हेच म्हणाले होते," मेट्रनबाई म्हणाल्या. "माझ्या घरात बसून. वाचायचा अधिकार एकट्या माझा, म्हणाले."

"मी... बोलण्याच्या ओघात..."

"ओघात खरंच बोललात," तपासनीस बाई म्हणाली. "मी कंपनीकडून लेखी खात्री करून घेतलीय. जुने फोन ऐकायची मुभाही तुम्हालाच. 'जेवलीस का' तिथूनच उचललंत. मुलाचं गॅरेज आहे हेही अर्जात होतं, म्हणून सुट्या भागांची खरेदी. घरात एकमेकांवर संशय पेटला की बाहेर कोण बघतो? आणि घरपोच दिलेलं ते कार्ड कुणी नेऊन दिलं, त्याचं नाव कुठेच नाही. दिलंच नव्हतं, तर नाव कुठून येणार?"

अधिकारी उठला. पाणी पिऊन येतो म्हणाला. मुलगा त्याच्याआधी दाराशी जाऊन उभा राहिला. हात मागे बांधून नुसता उभा. अधिकारी परत खाली बसला. मऊपणा उतरून त्याचा चेहरा आता भुकेला आणि लहान दिसत होता.

"हा एका माणसाचा गुन्हा आहे," वकीलबाई भानावर येत म्हणाली. "कंपनी स्वतःच फसवली गेलीय. कंपनीला जबाबदार धरता येणार नाही."

तपासनीस बाईनं बॅगेतून तीन कागद काढले. एक मेट्रनबाईंचा, सही नसलेला. दोन सही केलेले.

"या आधीच्या दोन तक्रारी. दोघंही म्हातारे, एकटे, कार्ड क्वचित वापरणारे. दोघांनीही ओरडून सांगितलं होतं की हे आम्ही केलेलं नाही. दोघांकडेही हाच गृहस्थ गेला आणि विस्मरणाच्या कागदावर सही घेऊन आला. चोर त्याच चोरीचा पंच! आणि तुमच्या एकाही साहेबाला विचारावंसं वाटलं नाही की आपले सगळे म्हातारे ग्राहक एकाएकी एकसारखेच कसे विसरू लागले? कुलूप तुमचं, किल्ली तुम्ही दिलीत, आणि चोरी झाल्यावर घरमालकालाच वेडं ठरवणाऱ्या कागदावर शिक्काही तुमचा. कंपनी फसली नाही, वकीलबाई. कंपनीनं डोळे मिटून घेतले, कारण मिटलेले डोळे स्वस्त पडतात."

बादलीत पाणी टपकत राहिलं.

६

निकाल लागला. सगळे व्यवहार रद्द, भरपाई कंपनीनं द्यायची, आणि या अधिकाऱ्यानं मिटवलेली एकूण एक तक्रार पुन्हा उघडायची. फोनवरचा आवाज त्याच्या मावसबहिणीचा निघाला. ती नाटकांतून म्हाताऱ्यांची कामं करायची. पोलिसांनी दोघांनाही नेलं.

घरी परतताना गाडीत मुलगा म्हणाला, "तो फसवून आणायचा फोन डॉक्टरांच्या दवाखान्यातला होता. विसरण्याच्या आजाराचे. तू आपण होऊन आली नसतीस. आई, मला खरंच वाटलं होतं की तूच..."

"आणि मला वाटलं होतं की तूच," मेट्रनबाई म्हणाल्या.

सूनबाईनं मागच्या सीटवरून हात पुढे करून सासूच्या खांद्यावर ठेवला, आणि त्यांनी तो झटकला नाही.

त्या दोन जुन्या तक्रारींतली एक बाई वारली होती. दुसरे होते एक निवृत्त बसचालक. कंपनीकडून त्यांना रीतसर पत्र जाणार होतं. मेट्रनबाईंनी तपासनीस बाईला फोन केला. ती इस्पितळात भरती व्हायच्या तयारीत होती. "पत्र नको," मेट्रनबाई म्हणाल्या. "मला पत्ता दे. मी जाते." त्यांच्या हट्टापुढे कुणाचं कधी चाललं होतं? तपासनीस बाईनं आधी बसचालकांच्या मुलीची परवानगी काढली आणि मग पत्ता दिला.

पत्ता घराचा नव्हता, वृद्धाश्रमाचा होता. बसचालकांनी सही केल्यावर मुलीनं आधी त्यांच्याकडून घराच्या किल्ल्या काढून घेतल्या, मग बाहेर एकटं जाणं बंद केलं, मग इथे आणलं. तिची तरी काय चूक? बापानं स्वतःच लिहून दिलं होतं.

ते खिडकीपाशी बसले होते. उंचापुरा माणूस, मांडीवर हात पालथे ठेवलेले, जणू कुणी हलायला मनाई केलीय. मेट्रनबाईंनी स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. अधिकारी, आवाज, कागद, त्यांच्या कार्डावर घेतली गेलेली अंगठी. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी त्यांनी नम्रपणे मान हलवली.

"पण ती अंगठी मीच घेतली होती हो, बाई. मला आठवतंय ना. दुकानात आरसे होते. मुलीसाठी म्हणून घेतली आणि कुठेतरी हरवली."

आयुष्यभरात मेट्रनबाईंनी मरणं पाहिली होती, पण असं काही पाहिलं नव्हतं. या माणसाला इतक्या वेळा सांगितलं गेलं होतं की त्याला न घडलेलं आठवू लागलं होतं. आपण त्या दुपारी सही केली असती, तर आज आपल्यालाही टीव्हीचं दुकान आठवलं असतं. त्याच्यातल्या विक्रेत्याचा चेहरासुद्धा.

"नाही घेतली तुम्ही," त्या म्हणाल्या.

"नाही?"

"नाही. दुकान नाही, आरसे नाहीत, अंगठी नाही. पहिल्या दिवशी तुम्ही मुलीला काय सांगितलं होतंत?"

त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या. ओठ दोनदा हलले आणि मिटले.

"मी म्हणालो होतो... मी तिथे गेलोच नव्हतो."

"तेच खरं होतं."

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर आनंद नव्हता, भीती होती. बंद खोलीचं दार उघडल्यावर बाहेर पडू की नको, अशी.

"मला परत सांगा," ते म्हणाले.

मेट्रनबाईंनी स्टूल आणखी जवळ घेतलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.